ठोकळ्यांची होडी आणि माझी लाल जीप

"ओ लाल गाडीवाले! गाडी काढा! आधी गाडी काढा, फोटो मागनं काढा!"

पुळणीच्या वरच्या अंगाला, जाळ्यांच्या ढिगावर उभी राहून एक बाई दोन्ही हात उडवत ओरडत होती. मी तिला लांबूनच हात जोडले. अनोळखी गावात कुणी आपल्याला बघून एवढं ओरडायला लागलं, की ते काहीतरी विकायला निघालेलं असतं, हा माझा आजवरचा अनुभव. आणि रत्नागिरीत माझ्या ओळखीचं चिटपाखरूही नव्हतं.

"शहाळं नको!" मी ओरडलो.

"शहाळं नाय ओ मेल्या! भरती! भरती येतेय!"

मी समुद्राकडे बघितलं. समुद्र चांगला लांब, आपल्या कामात होता. पायाखालची वाळू आमच्या महानगरपालिकेच्या कुठल्याही रस्त्यापेक्षा टणक होती. तिच्यावर माझी लाल जीप अशी उभी होती, की तशीच उचलून कॅलेंडरवर छापावी. मी बॉनेटला टेकलो, पोट आत घेतलं, मोबाईल वर धरला, आणि एक लाट आली. लाट कसली, समुद्रानं नुसती जीभ बाहेर काढली. पण परत जाताना तिनं चाकांखालची वाळू गिळली. दुसऱ्या लाटेला जीप गुडघ्यांवर आली. तिसरीला, खोटं सांगत नाही, ड्रायव्हरच्या सीटवर एक खेकडा बसला होता आणि आरसा नीट करत होता.

ही जीप साधी नाही. पंचगंगेला पूर आला तेव्हा हिच्या टपावर बसून आमच्या पेठेतली माणसं, म्हशी आणि एक अख्खं लग्न पलीकडं गेलंय. तिची ही अवस्था बघून माझ्या तोंडून जे निघालं ते साऱ्या पुळणीनं ऐकलं:

"बुडाली! बुडाली हो माझी जीप! बुडाली!"

तोवर वाडीतली माणसं धावत आली होती. जाडजूड दोर बांधला होता, होडी ओढतात तशी सगळी ओळीनं दोराला लागली होती, हैसा चालू झाला होता. माझा शब्द ऐकला आणि दोर सैल पडला. सगळे थांबले. गंमत म्हणजे एकानंही जीपकडं बघितलं नाही. सगळे समुद्राकडं बघायला लागले.

"बसली म्हणा," ती मघाची बाई म्हणाली. आता ती ओरडत नव्हती.

"बसली कुठली? पार बुडा..."

"गाडी बसली!" ती म्हणाली, आणि माझ्याकडं तिनं असं बघितलं, की मी माझ्याच जीपबद्दल गप्प बसलो. दोर पुन्हा ताणला गेला.

माझ्या संशयाच्या यादीत पहिली नोंद तिथंच झाली. या गावात माणसाला आपल्या गाडीबद्दल खरं बोलू देत नाहीत.

का गेलो होतो

आमची कोल्हापूरच्या पेठेतली तालीम. तिथं कुस्ती होते, गणपती होतो, आणि उरलेल्या वेळात जगातल्या सगळ्या गोष्टींचा निकाल लागतो. एका कचेरीनं जुने लॅपटॉप काढून टाकले, ते आम्ही उचलले, दुरुस्त केले. आता द्यायचे कुणाला? तालमीतल्या एका पोराची बहीण रत्नागिरीजवळ वाडीतल्या शाळेत शिकवते, सुर्वे बाई. तिनं मागितले, आम्ही दिले. प्रत्येकावर तालमीच्या गणपतीचं स्टिकर लावून दिले.

मग एक दिवस तिनं व्हिडिओ पाठवला. शाळेतल्या पोरांनी म्हणे स्वतः खेळ बनवला होता. होडी समुद्रात जाते, मासे धरते, बंदराला लागते, लिलाव होतो. आमचे बापू वस्ताद तालमीचे सर्वेसर्वा. त्यांनी तो व्हिडिओ चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला, आणि म्हणाले, "सदा, ही नुरा हाय."

नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. कोण पडणार, कधी पडणार, सगळं ठरलेलं. कोल्हापुरात यापेक्षा मोठी शिवी नाही.

"सातवीतली पोरं असलं बनवत्यात? माझा नातू इंजिनियर झाला, त्याला घरातला टीव्ही लावता येत न्हाई. बाईनंच बनवलंय सगळं. तू जा, बघ. नुरा असली तर लॅपटॉप जीपमध्ये घाल आणि माघारी आण. आपल्या पेठेतल्या शाळंला देऊ."

माझी निवड का झाली? कारण माझ्याइतका संशयी माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही. मी देवळात नारळ फोडायच्या आधी कानाशी हलवून बघतो, आणि प्रसाद मिळाला की पुजारी स्वतः खातोय का ते बघून मग खातो.

तर असा मी आंबा घाट उतरून, शाळेच्या आधी जरा समुद्र बघू म्हणून पुळणीवर गेलो, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. वाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही गाडी घेऊन जाल.

जीप शहरातल्या गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि हात धुऊन आला. काही न करता हात धुणाऱ्या माणसाचा मला लगेच संशय येतो. "दिवस लागतील," म्हणाला. मी बापूंना फोन लावला. आता तालमीला काय सांगणार? पुराला न हरलेली जीप फोटो काढताना गेली म्हणून?

"बापू, घाटात गवा आला."

"गवा?"

"एवढा मोठा, की आधी मला वाटलं डोंगरच वळलाय. मारली धडक. मी स्टेअरिंग सोडलं नाही."

"आणि गवा?"

"लंगडत गेला."

बापूंनी घाटातलं नेमकं वळण विचारून घेतलं. बापूही संशयी आहेत; तालीमच तशी आहे.

शाळा

रिक्षानं वाडीवर गेलो. आमच्याकडं जमीन काळी, पावसात पायाला चिकटून घरापर्यंत येते. इथं जमीन म्हणजे तांबडा जांभा. ती खणत नाहीत, कापतात. कापून घरं बांधतात, कुंपणाचे गडगे रचतात, आणि उरलेल्या भोकाला विहीर म्हणतात. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वाळलेलं गवत, खाली आंब्याच्या बागा. मोहोर असा फुलला होता, की रिक्षावाला वासानंच जांभया देत होता. त्यानं मला तीनदा विचारलं, "जमीन बघायला आलात का?" मी तीनदा नाही म्हणालो. त्यानंतर तो आरशातून माझ्याकडंच बघत राहिला. नाही म्हणणारा माणूस हमखास जमीनच बघायला आलेला असतो, असा तिथला हिशेब दिसला.

सुर्वे बाई तिशीतल्या, बारीक, आवाज मात्र हलगीसारखा. "या काका! जीप कशी आहे? गावात सगळ्यांना कळलं."

हेही मला आवडलं नाही. मी यायच्या आधी माझी बातमी येऊन बसलेली.

लॅपटॉप एका लोखंडी ट्रंकेत कुलूप लावून ठेवले होते. कुलूप का? "खारं वारं लागतं, गंज चढतो," बाई म्हणाल्या. बरं. पोरांनी ते असे उचलून आणले, जसं लग्नात रुखवत आणतात. सगळ्यांवर आमचा गणपती शाबूत.

आता ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांना सांगतो. यात पोरांना टाइप करत बसावं लागत नाही. पडद्याच्या एका बाजूला रंगीत ठोकळे असतात. प्रत्येकावर एक हुकूम लिहिलेला: चाल, वळ, आवाज कर, थांब. ते ओढून आणायचे आणि एकाखाली एक चिकटवायचे. वरचा हिरवा झेंडा दाबला, की चित्र त्या हुकमाबरहुकूम हलायला लागतं. त्यात एक 'जर' नावाचा ठोकळा असतो, पोट मोकळं असलेला. त्याच्या पोटात दुसरे ठोकळे बसतात. जर मासा लागला, तर जाळं ओढ. आमच्या तालमीत अर्धे पैलवान या 'जर'पाशीच अडकलेत.

खेळ दाखवायला पुढं आली ती स्वरा पावसकर. सातवीतली, दोन वेण्या, नजर सरळ. त्या जाळ्यांवरून ओरडणाऱ्या बाईची, सुजातावहिनींची, ही मुलगी. ओरडण्याची कला अजून उतरली नव्हती. ही हळू बोलायची.

तिनं झेंडा दाबला. निळ्या समुद्रात होडी निघाली. होडीच्या नाकावर नाव लिहिलेलं: भाग्यलक्ष्मी. बांगडे आले, सुरमई आली, जाळं पडलं. होडी बंदराला लागली, आणि लॅपटॉपमधून लिलावाचा आवाज असा सुटला, की मी खिसा दाबून धरला.

"हा आवाज कुणाचा?"

"आईचा. मोबाईलवर घेतला, मग आत घातला."

"आणि हे ठोकळे कुणी लावले?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

तिनं खिडकीकडं बघितलं. खिडकीपाशी सुर्वे बाई उभ्या होत्या.

"आम्हीच," ती म्हणाली.

मी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. ती उत्तर द्यायची, पण आधी खिडकीकडं बघायची. मागं बसलेली पोरंही तसंच. पढवलेला पैलवान असाच असतो. डावाच्या आधी उस्तादाकडं बघतो.

आणि मग मला मोठा पुरावा सापडला. मी स्वतः होडी चालवायला घेतली. चालवली म्हणजे खडकावर घातली. होडी खडकाला लागली आणि आपोआप मागं आली. पुन्हा घातली, पुन्हा मागं आली. मी ती खडकावर इतक्या वेळा आदळली, की खऱ्या खडकाचं पीठ झालं असतं. भाग्यलक्ष्मी आपली हसत परत बंदरात.

ज्या खेळात हरायची सोयच नाही तो खेळ कसला? म्हटलं, सापडली. कुठंतरी पाणी मुरतंय. बाईंनी व्हिडिओपुरतं बनवलं आणि हरायचा भाग राहून गेला. पोरांना तो घालता येत नाही. चहा घेतला. बाईंनी आधी घोट घेतल्यावर घेतला.

मिरकरवाडा

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर गेलो. लिलाव खरा कसा होतो ते बघायचं होतं.

ज्यांनी मिरकरवाडा बघितला नाही त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की चांगल्या चपला घालून जाऊ नये. बर्फ फुटत होता, ट्रॉलर एकाला एक खेटून उभे, टोपल्या डोक्यावरून धावत होत्या, आणि बांगड्यांच्या राशीवर बांगड्यांच्या राशी. एक कावळा तर इतका खाऊन जाड झाला होता, की चालत चालत घरी निघाला होता. आमच्याकडं गुळाचा सौदा होतो. तिथं माणसं गुळाची ढेप बघतात, चाखतात, मान हलवतात, चहा पितात. इथं लिलाव म्हणजे वीज. आवाज चढला, एक मान हलली, संपलं, टोपली उचलली.

आणि तोच आवाज! लॅपटॉपमधला. सुजातावहिनी पदर खोचून राशीसमोर उभ्या होत्या. मला बघितलं आणि थांबल्या.

"काय ओ, इथं पण आलात?"

"बघायला आलो."

"काय बघायला? काल पुळणीवर बघत होतात, मग शाळेत बघत होतात. जमिनी घेणाऱ्या कंपनीचे का तुम्ही?"

"कोल्हापूरचा आहे. तालमीचा."

"तालमीचे, आणि जीप एकट्याला ओढता नाय आली?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो. संशयी माणसानं मधूनमधून हसावं, समोरचा सैल पडतो. पण जरा पुढं जाऊन मी विचारलं, "तुमची पोरगी तो खेळ खरंच स्वतः बनवते का हो?" आणि त्यांचा चेहरा बंदच झाला.

"तिलाच विचारा. आणि एक सांगते, पुळणीवर बोललात तसं तिच्यापुढं बोलू नका. ह्यांची होडी बाहेर हाय."

आता होडी बाहेर असण्याचा आणि माझ्या बोलण्याचा काय संबंध? मला वाटलं, विषय बदलतायत. वही जवळ नव्हती, नोंद डोक्यात केली.

दुपारी बंदराजवळच्या खाणावळीत बांगड्याचं तिखलं मागवलं. म्हटलं, आम्ही तांबडा रस्सा ओंजळीनं पिणारे, तुमचं तिखट ते काय तिखट? पहिला घास झकास. दुसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी हिरवट-काळं गोल आलं, चावलं, आणि माझी जीभ नाहीशी झाली. दुखली नाही, भाजली नाही, नाहीशी झाली. ओठ शेजाऱ्याचे वाटायला लागले. मला खात्रीच पटली: ओळखलं यांनी, आणि विष घातलं. मी मालकिणीला हाक मारायला गेलो, तर तोंडातून फक्त "भ्भ" निघालं.

"तिरफळ चावलंत होय?" ती शांतपणे म्हणाली. "ते चावायचं नसतं, बाजूला काढायचं. सोलकढी प्या."

सोलकढी कुठून प्यावी, तेच कळेना. तोंड सापडायला संध्याकाळ झाली.

परीक्षा

तिसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन जाहीर केलं. "आज खरी कुस्ती. बाई बाहेर व्हरांड्यात थांबतील. मी सांगेन ते पोरांनी माझ्यासमोर करायचं. आलं तर लॅपटॉप इथं. नाही आलं तर लॅपटॉप कोल्हापूरला."

पोरांचे चेहरे उतरले. सुर्वे बाईंचाही उतरला, पण त्या बाहेर गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "काका, विचारा काय ते, ओरडू नका."

मी स्वरासमोर बसलो. "सोपं काम आहे. होडी खडकाला लागली की मागं येते, ते बदल. खडकाला लागली की बुडाली पाहिजे. खाली गेली पाहिजे. खेळ संपला."

स्वरानं हात उचलून मांडीवर ठेवले.

"येत नाही?"

"येतं."

"मग कर."

"नाय करणार."

"का?"

तिनं खिडकीकडं बघितलं. मीही वळून बघितलं. बाई तिथं नव्हत्या. खिडकीत फक्त समुद्र होता.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "काका, दुसरं काहीतरी सांगा ना."

"दुसरं नाही. हेच. येत नसेल तर नाही म्हणा, त्यात लाज कसली?"

"येतं," स्वरा पुन्हा म्हणाली. "पण नाय करणार."

म्हटलं, संपलं. पडली नुरा उघडी. मी ट्रंक पुढं ओढली. "आणा मग."

मला वाटलं होतं पोरं रडतील, भांडतील, बाईंना हाक मारतील. तसलं काहीच नाही. स्वरानं आपला लॅपटॉप बंद केला, ओढणीनं पुसला, गणपतीवरूनही एकदा ओढणी फिरवली, आणि आणून ट्रंकेत ठेवला. सगळ्यात पहिला. तिच्या मागून बाकीचे उठले. एकामागून एक. जिंकलेल्या माणसाला इतकं अवघडल्यासारखं व्हायला नको होतं, पण झालं.

बाई दारात आल्या. "काका, तुम्ही यांना करायला काय सांगितलंत?"

मी सांगितलं.

"होडीवरचं नाव वाचलंत?"

"भाग्यलक्ष्मी."

"ती खरी आहे. स्वराचे बाबा तिचे तांडेल. ते चालवतात ती. या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं कुणी ना कुणी तिच्यावर आहे. आज-उद्या यायची आहे. होडी बाहेर असताना इथं तो शब्दसुद्धा काढत नाहीत, काका. तुम्ही चित्रात करून दाखवा म्हणताय."

तेव्हा मला पुळणीवरचा सैल पडलेला दोर आठवला. समुद्राकडं वळलेल्या सगळ्या माना आठवल्या. आमच्या घरी बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा कुणी विझवत नाही, शांत करतात. दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. हे सगळं पाळणारा मी. आणि यांच्या तोंडावर बोंबलत होतो, बुडाली बुडाली म्हणून. आणि ती पोरगी त्या पहिल्या दिवशी बाईंकडं बघत नव्हतीच. बाई मध्ये उभ्या होत्या एवढंच.

पण म्हणून माझा संशय गेला असं समजू नका. कारण चांगलं निघालं म्हणून कुस्ती खरी ठरत नाही. लॅपटॉप अजून ट्रंकेत होते आणि बापूंना उत्तर मलाच द्यायचं होतं. मी घसा साफ केला.

"बरं. होडी राहू दे. दुसरं काहीतरी खाली घालून दाखव."

स्वरानं वर बघितलं. "काहीपण?"

"काहीपण."

"तुमचं चालेल?"

"माझं चालेल," मी म्हणालो. आयुष्यात मी इतक्या बेसावधपणे कधी हो म्हणालो नव्हतो.

तिनं ट्रंकेतून लॅपटॉप काढला. पोरं भोवती जमली. आधी तिनं चित्र काढलं: लाल, चौकोनी, चार चाकं. मग बॉनेटला टेकलेला एक माणूस. पोट काढताना तिनं हात जरा आखडता घेतला, तर मागून सूचना आली, "अजून मोठं गो!" तिनं मोठं केलं. माणसाच्या हातात मोबाईल दिला.

मग ठोकळे. होडीचे ठोकळे तिनं तसेच उचलून जीपला चिकटवले आणि झेंडा दाबला. जीप पुळणीवरून निघाली ती थेट समुद्रात घुसली आणि लाटांवरून डुलत अरबस्तानाकडं निघून गेली. वर्गात हशा फुटला.

"थांबा रे!" स्वरानं काही ठोकळे काढले, एक 'जर' आणला. पुन्हा झेंडा. या वेळी जीप कोरड्या वाळूवर उभ्या उभ्याच खाली गेली, लाट यायच्या आधी. मी स्वरावर टाचणीसारखी नजर रोवून होतो. इथं पढवलेलं पोर सापडतं. डाव चुकला, की ते बाहेर बघतं.

तिनं बाहेर बघितलं नाही. बाईंकडं नाही, खिडकीकडंसुद्धा नाही. ओठ दाताखाली धरून ठोकळ्यांवरून बोट फिरवत गेली, एका जागी थांबली, "हां, हा बाहेर ऱ्हायला," म्हणाली, आणि एक ठोकळा उचलून 'जर'च्या पोटात सरकवला. मग लॅपटॉपला तोंड लावून, मी आजवर तिच्या गळ्यातून ऐकला नव्हता असा आवाज काढला:

"ओ लाल गाडीवाले! गाडी काढा!"

हुबेहूब सुजातावहिनी. मी दचकून पाय वर घेतले.

झेंडा दाबला. जीप आली, थांबली. माणसानं मोबाईल वर धरला. आवाज आला. माणूस ढिम्म. एक लाट, दुसरी लाट, तिसरी. जीप खाली खाली गेली, वर फक्त मोबाईल धरलेला हात राहिला, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं: जीप बसली.

पोरं बाकांवर चढून हसत होती. सुर्वे बाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. मी कुस्त्या खूप बघितल्यात, पण स्वतः चितपट होऊन इतका निवांत कधी झालो नव्हतो. ट्रंक मी स्वतः रिकामी केली. एकेक लॅपटॉप ज्याचा त्याच्या बाकावर नेऊन ठेवला. गणपती वरच्या बाजूला.

"राहिले का मग?" स्वरानं विचारलं. अजून तिला माझा संशय होता.

"राहिले."

"लिहून द्याल?"

दिलं लिहून. तारीख घालून, सही करून. तिनं ते बाईंना वाचून दाखवलं आणि मगच ठेवलं. ही पोरगी आमच्या तालमीत शोभली असती.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्यलक्ष्मी बंदराला लागली. मी मुद्दाम गेलो होतो. खरी भाग्यलक्ष्मी चित्रातल्यापेक्षा जुनी आणि बरीच मोठी निघाली. सुजातावहिनी मला बघून पहिल्यांदाच ओरडल्या नाहीत, नुसती मान हलवली. स्वराचे बाबा उतरले, उन्हानं काळे पडलेले, डोळे लाल. माझ्याकडं बघून म्हणाले, "लाल गाडी तुमचीच काय?" म्हणजे बातमी समुद्रातही पोचली होती.

जीप गॅरेजमध्ये सोडून मी एसटीनं कोल्हापूरला आलो. तालमीत जाऊन निकाल दिला: कुस्ती खरी, लॅपटॉप तिथंच राहणार. बापूंनी मान डोलावली. मग सगळ्यांना गवा ऐकायचा होता. मी सांगितला. तोवर गवे तीन झाले होते आणि मी त्यातल्या एकाचं शिंग धरलं होतं. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. असं सुख फार दिवस टिकत नाही.

आठवडाभरात सुर्वे बाईंनी तालमीचे आभार मानून पोरांचा नवा खेळ बापूंच्या मोबाईलवर पाठवला. बापूंनी तो भर तालमीत, सगळे जमले असताना, आवाज पूर्ण वाढवून लावला.

"ओ लाल गाडीवाले! गाडी काढा!"

बापूंनी तो पहिल्यांदा बघितला. पुन्हा लावला. मग चष्मा काढून पुन्हा लावला. आखाड्यात मातीवर पैलवान लोळत होते.

"सदा," बापू म्हणाले, "ह्यात गवा कुठं दिसंना झालाय."

मी बाहेर आलो आणि शाळेत फोन लावला. मधली सुट्टी होती. मागं पोरांचा गलका, त्याच्याही मागं समुद्र. बाईंनी स्वराला फोन दिला. मी आवाजात जेवढा गूळ घालता येईल तेवढा घातला.

"स्वरा बाळ, खेळ एक नंबर झालाय. सगळी तालीम खूश. फक्त एक काम कर. त्या जीपच्या समोर एक गवा घाल. लहानसा चालेल. तो येतो, धडक मारतो, मग जीप बसते. ठोकळे तर तुझ्याकडं तयारच आहेत."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका, तिथं गवा नव्हता," ती म्हणाली.